टप्प्यावरचे आठ दिवस

घोड्यांच्या तबेल्यावर आठ दिवस राहायला आम्ही बैलगाडीतून गेलो. मला न कळलेली ती पहिली गोष्ट. रत्नागिरीहून घाटाकडे मोटार सुरू होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. सकाळी बसलो असतो तर जेवायच्या वेळेला पोचलो असतो. पण मामंजींनी दोन बैलगाड्या ठरवल्या आणि आम्ही दीड दिवस हाडं खिळखिळी करून घेतली.

माझं लग्न माघातलं आणि हे सगळं चैत्रात घडलं. म्हणजे सासरी येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. वय पंधरा. मिठाचा सत्याग्रह अजून व्हायचा होता एवढं आठवतं, नेमकं साल विचाराल तर सांगता यायचं नाही. माझं माहेर पूर्णगडचं. वडील पडावावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल होते, मालाची ने-आण करायचे. आमच्या घरात माणसं थोडी आणि आवाज मोठे. ज्याला जे म्हणायचं ते तो ओरडून सांगे, कारण सगळ्यांना वाऱ्यात बोलायची सवय. रत्नागिरीच्या सासरी उलटं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीत कारकून. त्या घरात सगळे हळू बोलायचे आणि अर्धंच बोलायचे. उरलेलं अर्धं समोरच्याने समजून घ्यायचं. बाकीच्यांना ते समजत असे, मला समजत नसे.

आम्ही पाच माणसं निघालो: मामंजी, सासूबाई, शिमग्याला मुंबईहून रजेवर आलेले आमचे हे, नऊ वर्षांची नणंद आणि मी. शिवाय मागच्या गाडीला बांधलेली गाईची एक वर्षाची पाडी. चाललो होतो मामंजींच्या थोरल्या भावाकडे. त्यांना मी लग्नात पाहिलं असणार, पण लग्नात मी फक्त पाय पाहिले होते.

कशासाठी चाललो आहोत, हे मी प्रत्येकाला विचारून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "हवापालट." नणंद म्हणाली, "घोड्यावर बसायला, वहिनी! काका मला घोडा देणार आहे." ह्यांना विचारायचा धीर व्हायला दोन दिवस लागले. विचारलं तर म्हणाले, "आईला विचार." मामंजींना विचारायचा प्रश्नच नव्हता.

पण निघायच्या तीन दिवस आधी मी एक ऐकलं होतं. मागच्या पडवीत भांडी घासत होते. पुढच्या पडवीत मामंजी ह्यांच्याशी बोलत होते. मामंजी म्हणाले, "तिला तिकडेच ठेवून येऊ. इथं तिच्यावाचून काय अडलंय? दादाला आधार होईल."

हे म्हणाले, "तिला तिकडचं पाणी मानवेल?"

"न मानवायला काय झालं? चार दिवस काढील कसेबसे. मग रुळेल."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग सासूबाईंनी हाक मारली म्हणून मी उठले. त्या दिवसापासून मी मनात एकच वाक्य घोळवत होते: तिला तिकडेच ठेवून येऊ. घरात 'ती' म्हणण्याजोगी नवी आणि वावगी मीच होते. माझ्यावाचून खरंच कुणाचं अडत नव्हतं. भात माझ्या हातून दोनदा लागला होता. मामंजींच्या कचेरीच्या कोटाला मी भलतंच बटण लावलं होतं. आणि निघताना सासूबाईंनी माझी लग्नातली पेटी गाडीत चढवली तेव्हा माझी खात्रीच झाली. आठ दिवसांसाठी पेटी कोण नेतं?

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना आम्ही पोचलो. रस्त्याला लागूनच लांबलचक कौलारू तबेला, त्याच्या पुढे मोकळं अंगण, अंगणात घोड्यांना पाणी पाजायची दगडाची डोणी आणि बाजूला तीन खोल्यांचं घर. मागे लगेच डोंगर उभा. समोर डोंगर. डाव्या हाताला डोंगर. मी गाडीतून उतरले आणि समुद्र कुठल्या बाजूला तेच मला कळेना. पूर्णगडला झोपेतही मला समुद्र कुठे ते माहीत असायचं. रत्नागिरीला सुद्धा. इथे मात्र वारा कधी वरून येई, कधी येतच नसे. मी नणंदेला विचारलं, "पश्चिम कुठली?" ती म्हणाली, "ते काय असतं?"

थोरले मामंजी उंच, काळेसावळे, हसरे. भावाशी त्यांचा तोंडवळा काही जुळत नव्हता. त्यांची बायको वर्षापूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांचे वडील, म्हणजे माझे आजेसासरे. आजोबा दारात खुर्चीवर बसले होते. अंगात जुना खाकी कोट, सगळी बटणं लावलेली. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "सामान किती?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या.

"एक पेटी," मी म्हणाले.

"मग बसेल," आजोबा म्हणाले.

मी हे सुद्धा त्या वाक्याशी जोडून टाकलं.

त्या जागेला सगळे टप्पा म्हणत. मोटारीच्या आधी डाक आणि उतारू टांग्यातून जात, आणि वाटेत ठरावीक ठिकाणी दमलेली जोडी सोडून ताजी जोडी जुंपत. घाटाच्या पायथ्याचा हा टप्पा आधी आजोबांनी सांभाळला, नंतर थोरल्या मामंजींनी. मोटार आली, डाक मोटारीतून जाऊ लागली आणि टप्पा बसला. अठरा घोड्यांतले सहा उरले होते. थोरल्या भावाच्या दारात मोटारीतून उतरायचं नाही म्हणून मामंजींनी बैलगाड्या केल्या होत्या. हे सगळं आता मी सरळ सांगते आहे, पण तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. तुकड्या-तुकड्याने कळलं, तेही काही चुकीचं.

घोडा मी तोवर लांबूनच पाहिलेला. इतक्या जवळून पाहिला तेव्हा पहिलं मनात आलं ते असं की हे जनावर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं बघतं, मग त्याने मला पाहिलं की नाही हे समजायचं कसं? एक म्हातारी अबलख घोडी होती, पांढऱ्यावर तांबडे मोठे ठिपके. ती मान लांब करून माझा पदर हुंगायची. मी किंचाळले की थोरले मामंजी हसत. "घाबरू नकोस गो. तिला खारवलेल्या बांगड्याचा वास येतोय तुझ्या हाताला. तिने कधी मासळी बघितली नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आजोबा उठले. कोणी काही बोललं नाही. तबेल्यात जो एकच मोतद्दार उरला होता, त्याने दोन घोड्यांवर साज चढवला आणि लगाम आजोबांच्या हातात दिले. आजोबांनी भिंतीवरची चामड्याची पिशवी खांद्याला लावली आणि जोडी घेऊन ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. घोडेही मुकाट उभे राहिले, कान पुढे करून.

मला वाटलं, टांगा येणार. मीही दारात उभी राहिले.

अर्ध्या तासाने मोटार आली. धुरळा उडवत, भोंगा वाजवत गेली. घोडे बुजले नाहीत. आजोबांनी धुरळा बसेपर्यंत वाट पाहिली, मग वळले. मला दारात बघून म्हणाले, "ही आपली डाक नव्हे."

मी नणंदेला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "टांगा कधी येतो?"

ती म्हणाली, "आजोबांना काही सांगायचं नाही, असं आई म्हणाली आहे."

"पण येतो ना?"

"मला काय माहीत!"

म्हणजे येत असणार, असं मी धरलं. रोज नसेल येत. आमच्याकडे पडाव तरी कुठे रोज लागत होते?

एवढं मनात असूनही ते दिवस मजेत जात होते, याचं मला तेव्हाही नवल वाटत होतं. सकाळी थोरले मामंजी सगळ्यांना अंगणात बोलवायचे. घोड्यांना खरारा कसा करायचा, चंदीचा, म्हणजे दाण्याचा, तोबरा तोंडाला कसा बांधायचा, ते दाखवायचे. आमच्या ह्यांना त्यांनी एका तापट कुमैत, म्हणजे तांबूस-काळ्या, घोड्यावर बसवलं. हे मुंबईच्या गोदीत कागद लिहिणारे. घोडा चार पावलं गेला आणि थांबला, हे मात्र पुढे गेले. धुळीत बसून स्वतःच हसायला लागले. माझ्या नवऱ्याला हसताना मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. नणंद तर घोड्यावरून उतरायलाच तयार नसे. सासूबाई डोणीच्या कडेला बसून तांदूळ निवडायच्या आणि मधूनच घोड्यांना रागे भरायच्या, जसं आम्हाला भरायच्या तसंच.

चौथ्या दिवशी थोरले मामंजी मला म्हणाले, "चल, आता तू."

मी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "बस की. इथं कोण बघतंय?"

अबलख घोडीवर घोंगडी टाकून मला बसवलं. थोरले मामंजी लगाम धरून पुढे चालत होते. घोडी दोन पावलं चालली आणि मला एकदम हलकं वाटलं. हे मला येत होतं! खालचं हलतं तसं आपण कमरेतून सुटं हलायचं. बाबांनी होडीत उभं राहायला असंच शिकवलं होतं. अंगणाला मी तीन फेऱ्या मारल्या. थोरले मामंजी खूश झाले.

"शिकून ठेव," म्हणाले. "पुढे उपयोगाला येईल."

झालं. माझी कंबर पुन्हा लाकडासारखी झाली. पुढे म्हणजे कधी?

त्याच दुपारी त्यांनी मला आणि सासूबाईंना स्वयंपाकघर दाखवलं. तांदळाची कणगी कुठे, तेलाचा डबा कुठे, पावसाळ्यासाठी लाकडं कुठे रचतात. "बघून ठेवा," म्हणाले. पावसाळ्याला अजून दोन महिने होते. मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. तेही उतरलेलं दिसलं. मला वाटलं, त्यांना माझी दया येत असेल. म्हणजे त्यांना ठाऊक आहे.

सहाव्या दिवशी मी पत्र लिहिलं. पूर्णगडच्या शाळेत मी तिसरीपर्यंत गेले होते. ह्यांच्या वहीतला कागद आणि पेन्सिल घेऊन तबेल्याच्या मागे बसले. ते पत्र माझ्या अजून तोंडपाठ आहे, कारण पुढे ते मोठ्याने वाचलं गेलं.

"तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. मला घाटाखाली घोड्यांच्या ठिकाणी आणलं आहे. इथे ठेवून जाणार असं ऐकलं. कारण सांगत नाहीत. माझं काय चुकलं ते मला माहीत नाही. सगळे माझ्याशी चांगले वागतात म्हणून जास्त भीती वाटते. पडाव बंदरात लागला की या. आईला सांगू नका, ती रडेल."

घडी घालून वर बाबांचं नाव आणि गाव लिहिलं. दहा वाजता आजोबा जोडी घेऊन रस्त्याला गेले तेव्हा धावत जाऊन त्यांच्या हातात दिलं.

"कुठलं टपाल?" त्यांनी विचारलं.

"पूर्णगड."

"म्हणजे पावस गावाला उतरेल. पुढे हरकारा नेईल." त्यांनी पत्र पिशवीत ठेवलं, पिशवीचा पट्टा ओढला आणि मला म्हणाले, "जा आता. रस्त्यात उभी राहू नकोस."

इतकं सरळ आणि पूर्ण उत्तर त्या घरात मला कुणीच दिलं नव्हतं. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मोटार थांबली. एरवी ती थांबत नसे, पण इंजिनातलं पाणी संपलं होतं आणि डोणी समोर दिसत होती. ड्रायव्हर डबा घेऊन उतरला. आजोबा जोडी घेऊन उभेच होते. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली, त्याच्यापुढे धरली आणि करड्या आवाजात म्हणाले, "उशीर केलात. जोडी केव्हाची तयार आहे."

ड्रायव्हर गोंधळला. मग मोटारीतल्या लोकांकडे बघून म्हणाला, "घोडे जुंपू कुठे आजोबा? भोंग्याला?" लोक हसले.

मामंजी अंगणातच होते. ते झपाझप गेले. आजोबांच्या हातातली पिशवी त्यांनी हळूच काढून घेतली, ड्रायव्हरला पाणी भरू दिलं आणि परत आले. मान खाली होती. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ओट्यावर बसून त्यांनी पिशवी उघडली. इतक्या वर्षांत तीत काहीच नसणार, असं त्यांना वाटलं असावं. माझं पत्र निघालं.

ते त्यांनी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग सगळ्यांना बोलावलं.

मी खांबाला धरून उभी होते. मामंजींनी पत्र मोठ्याने वाचलं, कचेरीत अर्ज वाचावा तसं, एकेक शब्द सुटा. वाचून झाल्यावर त्यांनी ते ओट्यावर ठेवलं. 

"हे तुला कुणी सांगितलं?" मामंजींनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात," मी म्हणाले. माझा आवाज पूर्णगडचा निघाला, मोठा. "तिला तिकडेच ठेवून येऊ म्हणालात. इथं तिच्यावाचून अडत नाही म्हणालात. ह्यांना सांगत होतात."

मामंजींनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी जमिनीकडे.

आणि मग माझ्या बाजूने नव्हे, पलीकडून आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, "दादाला आधार होईल, असंही म्हणाला असाल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? माझ्या दोन गोधड्या का भरल्या? दम्याच्या काढ्याच्या चार बाटल्या कशाला? आठ दिवसांत चार बाटल्या पिते मी? भावजींनी मला सरपण का दाखवलं?" त्यांचा श्वास वर चढला होता. "जाऊबाई गेल्या, घरात बाई नाही, या म्हाताऱ्या बाबांना बघायला माणूस नाही. मग ह्यांनी ठरवलं. हवापालट म्हणे! मला विचारायचं तरी होतंत."

 माझ्यासारखाच हिशेब त्याही करत बसल्या होत्या, तांदूळ निवडता निवडता.

"अरे देवा," मामंजी म्हणाले. "पाडी! मी पाडीबद्दल बोलत होतो. दादाची गाय आटली म्हणून तिला इथे ठेवायची. आधार म्हणजे दुधाचा आधार!"

"वर्षाच्या पाडीचा दुधाचा आधार?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढेमागे होईल ना."

"आणि तिला पाणी मानवेल का, असं विचारलंत?" मी ह्यांना म्हणाले. सगळ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

हे म्हणाले, "मला वाटलं बाबा आईबद्दल बोलतायत."

मामंजींनी कपाळाला हात लावला. थोरले मामंजी पुढे झाले. ते म्हणाले, "मी तर फक्त लिहिलं होतं की बाबांचं काहीतरी बघायला हवं. एकट्याने होत नाही. कुणाला ठेवा म्हणालो नाही. तुम्ही कुणीच आल्यापासून त्यावर बोलला नाहीत. मला वाटलं, वहिनींचं ठरलंय. म्हणून कणगी दाखवली."

"मग मला का दाखवलीत?" मी विचारलं.

"तू बरोबर होतीस म्हणून."

माझी पेटी कशाला आणली, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. मीही मागे गेले. त्या चुलीपुढे बसल्या होत्या, पण चूल पेटवत नव्हत्या.

"मी तुला इथे टाकून जाईन असं वाटलं तुला?"

"मला काही कळतच नव्हतं."

"मला तरी कुठे कळत होतं गो?" त्या म्हणाल्या. मग चुलीतली राख ओढत म्हणाल्या, "पेटी मी आणली. म्हटलं मला ठेवलंच तर तुला माझ्याबरोबर ठेवून घेईन. एकटीने कसे दिवस काढायचे या घोड्यांत?"

यावर मला काय वाटायला हवं होतं ते मला अजून ठरवता येत नाही. म्हणजे मला ठेवायचा बेत होता तर खरा, पण तो त्यांचा होता आणि तो माझ्यावरच्या जिव्हाळ्याचा होता. मी विस्तव आणायला गेले.

जेवताना सासूबाईंनी आपला निकाल सांगितला. पानं वाढता वाढता, कोणाकडे न बघता. "मी राहणार नाही. सून राहणार नाही. बाबा आपल्याबरोबर रत्नागिरीला येतील. मी बघेन त्यांना, माझ्या घरात."

कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. म्हणजे ते ठरलं, हे मला आता कळायला लागलं होतं.

आजोबांना सांगायला दोघे भाऊ मिळून गेले. आजोबांनी ऐकून घेतलं. "डाक कोण बघणार?" एवढंच विचारलं.

"मी बघतो, बाबा," थोरले मामंजी म्हणाले.

"आणि मी जाऊ कशाने?"

मामंजी म्हणाले, "गाडी आहे आपली. बैलगाडी."

आजोबा हसले. टप्प्यावरचा माणूस बैलगाडीने जाईल हे त्यांना पटेना. शेवटी अबलख घोडी बरोबर घ्यायची ठरली. आजोबा घोडीवरूनच चाललेत, फक्त घटकाभर गाडीत विसावलेत, अशी त्यांची समजूत घालत आम्ही निघालो. जिथे येताना पाडी बांधली होती तिथे घोडी बांधली. पाडी तबेल्यात राहिली. आम्ही वळणावर जाईपर्यंत ती हंबरत होती. मामंजी सासूबाईंना म्हणाले, "ऐक. मी पाडीबद्दलच बोलत होतो, आता तरी पटलं?" सासूबाईंनी पानाला चुना लावला. त्यांना ते कधीच पटलं नाही. मला एखाद्या वर्षी पटतं, एखाद्या वर्षी पटत नाही.

रत्नागिरीला आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी दारात बाबा उभे. अंगावर प्रवासाचा सदरा, पाय मिठाने पांढरे. पडाव रिकामा व्हायचा होता, तो तसाच बंदरात सोडून आले होते.

"कुठे आहे ती?" त्यांनी दारातूनच विचारलं. घर दणाणलं.

त्यांना माझं पत्र मिळालं होतं. पाकिटात घालून, वर तिकीट लावून, व्यवस्थित डाकेने आलेलं. बाबांना वाचता येत नसे, म्हणून त्यांनी ते शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं होतं. म्हणजे अर्ध्या पूर्णगडाला ते ठाऊक झालं असणार.

मी थक्क झाले. मामंजींनी वाचून झाल्यावर पत्र ओट्यावरच ठेवलं होतं. नंतर मी शोधलं तर नव्हतं. मला वाटलं होतं, सासूबाईंनी चुलीत घातलं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी? मला पत्ता तरी लिहिता येतो का?" हे म्हणाले, मी नाही. मामंजी म्हणाले, मी कशाला माझीच अब्रू टपालात टाकू? थोरल्या मामंजींना पुढे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्याकडे पाकीटच नव्हतं." पाकिटावरचं अक्षर पाहावं तर बाबांनी ते तिथेच कुठेतरी टाकलेलं. टपालावर नाव-गाव असेल तर ते गेलंच पाहिजे, असं मानणारा त्या टप्प्यावर एकच माणूस होता. पण तो तर आमच्याबरोबर गाडीत होता आणि त्याच्याजवळ पिशवीही नव्हती.

मामंजींनी बाबांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. पाडी, गोधड्या, कणगी, काढ्याच्या बाटल्या. बाबा मधेमधे "हां, हां" म्हणत होते, पण त्यांना काही उमगत नव्हतं हे मला दिसत होतं. शेवटी त्यांनी हात वर केला.

"मला एवढंच सांगा. मुलीला ठेवणार होतात की नव्हतात?"

मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"नव्हते," मी म्हणाले.

"मग लिहिलंस कशाला?"

 इतक्यात परसात अबलख घोडी फुरफुरली आणि बाबा दचकून उभे राहिले. वादळात सुकाणू धरणारा माणूस, घोडीच्या जवळ जाईना. आजोबा खुर्चीतून म्हणाले, "काही करत नाही ती. तुमचं सामान किती?" बाबा म्हणाले, "माझं? चाळीस खंडी, मंगलोरी कौलं." आजोबांनी मान हलवली. "एवढं नाही बसायचं."

ते दोघे मग बराच वेळ बोलत बसले. एक टांग्याबद्दल बोलत होता, दुसरा पडावाबद्दल, आणि दोघांचं उत्तम जमत होतं.

सासूबाईंनी बाबांना जेवू घातलं. मग मला आत बोलावून म्हणाल्या, "पंधरा दिवस जाऊन ये आईकडे. पेटी नेऊ नकोस."

मी बाबांबरोबर बंदरावर गेले. कौलं उतरवून पडाव रिकामा झाला होता, त्यामुळे तो पाण्यावर उंच उंच डुलत होता. पूर्णगडला पोचेपर्यंत बाबांनी मला काही विचारलं नाही. आई मात्र रोज विचारायची, "सांग ना गो, नेमकं झालं काय?" मी रोज सांगायचे आणि रोज थोडं वेगळं व्हायचं. शेजारच्या बायकाही ऐकायला येत. त्यांतल्या निम्म्या म्हणत, परत जाऊ नकोस. निम्म्या म्हणत, एवढी चांगली सासू कुणाला मिळते?

अकराव्या दिवशी मी बाबांना म्हटलं, मला पोचवा.

"अजून चार दिवस आहेत," बाबा म्हणाले.

"असू देत."

त्यांनी कारण विचारलं नाही. त्या मोठ्या आवाजांत मला ते अर्धंच बोलणारं घर आठवत होतं. दुसऱ्या दिवशी भरती साधून आम्ही निघालो. रत्नागिरीचं बंदर दिसायला लागलं तेव्हा मी उठून पडावाच्या नाळेशी, अगदी पुढच्या टोकाला, उभी राहिले आणि पदर डोक्यावरून घेतला.